फील्डिंग नाटकं सोडून कादंबरीकडे का वळला?

२१ जून १७३७ रोजी इंग्लंडच्या राजानं रंगभूमीविषयीच्या एका कायद्याला संमती दिली. तीन दिवसांनी तो लागू झाला आणि लंडनमधला सर्वांत धाडसी नाटककार वयाच्या तिसाव्या वर्षी रंगभूमीबाहेर फेकला गेला. त्याचं नाव हेन्री फील्डिंग. पुढं तो बॅरिस्टर झाला, 'जोसेफ अँड्र्यूज' आणि 'टॉम जोन्स' या कादंबऱ्या त्यानं लिहिल्या, आणि शेवटी लंडनच्या बो स्ट्रीटवर मॅजिस्ट्रेट म्हणून बसला. ही तीन वेगळी आयुष्यं वाटतात. पण १७३७ चा कायदा नीट समजला की ती एकाच धाग्यात ओवलेली दिसतात. म्हणून इथं भर कायद्यावर आणि त्यातून कादंबरीला काय मिळालं यावर आहे.

फील्डिंगचा जन्म २२ एप्रिल १७०७ रोजी सॉमरसेट परगण्यातल्या शार्पम पार्क इथं झाला. वडील लष्करी अधिकारी आणि पैशाच्या बाबतीत अगदी सैल. आई १७१८ मध्ये गेली. मुलांचा ताबा कुणाकडं यावरून आजी आणि वडील यांच्यात कोर्टकज्जा झाला आणि आजी जिंकली. ईटनच्या शाळेत त्यानं ग्रीक-लॅटिन पक्कं केलं. पहिलं नाटक 'लव्ह इन सेव्हरल मास्क्स' फेब्रुवारी १७२८ मध्ये ड्रुरी लेन थिएटरात लागलं. मग हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात तो शिकायला गेला, पैसे संपले तसा लंडनला परतला आणि नाटकांवर पोट भरू लागला.

पोट भरणं म्हणजे नेमकं कसं? त्या काळी नाटककाराला दर प्रयोगाचं मानधन नसे. तिसऱ्या प्रयोगाचा गल्ला, थिएटरचा त्या रात्रीचा खर्च वजा करून, लेखकाचा. नाटक चाललंच तर सहाव्या आणि नवव्या प्रयोगाचाही. याशिवाय संहिता छापायला पुस्तकविक्रेत्याला एकरकमी विकता येई. नाटक दुसऱ्या रात्री पडलं तर लेखकाच्या हाती गल्ल्यातलं काहीच नाही. फील्डिंगचं पहिलं नाटक चार रात्री चाललं, म्हणजे रिवाजाप्रमाणे त्याच्या वाट्याला एकच रात्र. या हिशेबात टिकायचं तर भराभर लिहावं लागतं आणि लोकांना तिसऱ्या रात्रीपर्यंत खेचून आणावं लागतं. १७२८ ते १७३७ या काळात त्यानं दोन डझनांच्या आसपास नाटकं लिहिली. सगळी चांगली नाहीत. पाच अंकी सभ्य सुखात्मिकांत तो अवघडलेला वाटतो. प्रहसनात मात्र त्याचा हात मोकळा सुटतो.

ही प्रहसनं बहुतेक हेमार्केटच्या छोट्या थिएटरात होत. लंडनमध्ये ड्रुरी लेन आणि कोव्हेंट गार्डन या दोन थिएटरांकडं राजाची सनद होती. हेमार्केटकडं नव्हती, पण तिकडं कानाडोळा केला जाई. तिथं १७३० मध्ये 'टॉम थम्ब' आलं. अंगठ्याएवढा शूर वीर, त्याच्यासाठी झुरणाऱ्या राण्या आणि राजकन्या, त्याला गिळून टाकणारी गाय, आणि शेवटी एकामागून एक पडणारे मुडदे. पुढच्या वर्षी फील्डिंगनं ते वाढवून 'द ट्रॅजेडी ऑफ ट्रॅजेडीज' या नावानं छापलं आणि खाली एका बनावट पंडिताच्या तळटीपा जोडल्या. शब्दबंबाळ शोकांतिकांची त्यात यथेच्छ टवाळी आहे. या तळटीपांतला मध्येच तोंड घालणारा पंडित लक्षात ठेवा, तो कादंबरीत परत येणार आहे.

१७३६ मध्ये फील्डिंगनं स्वतःची मंडळी उभी केली आणि तिला नाव दिलं 'ग्रेट मोगल्स कंपनी ऑफ कॉमेडियन्स'. मोगल बादशहा म्हणजे तो स्वतः. याच मंडळीचं 'पास्क्विन' साठहून अधिक रात्री चाललं, आणि त्या काळात एवढे प्रयोग फार थोड्या नाटकांच्या नशिबी येत.

एका कायद्याची निमित्तं

मार्च १७३७ मध्ये 'द हिस्टॉरिकल रजिस्टर' आलं. त्या वेळी पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलच्या हाती सत्ता येऊन सोळा वर्षं झाली होती. सरकारी पदं, पेन्शनी आणि रोख पैसा वाटून त्यानं पार्लमेंट मुठीत ठेवलं होतं. नाटकात एक लिलाव आहे. लिलाववाला एकेक वस्तू पुकारतो: राजकीय प्रामाणिकपणाचा उरलेला तुकडा, स्वच्छ सदसद्विवेकबुद्धी, धैर्याची बाटली. सगळे सद्गुण एकत्र बांधून विकायला काढले तर अठरा पेन्सची बोली लागते, आणि त्या गठ्ठ्यात संयम आणि ब्रह्मचर्यही आहे म्हटल्यावर बोली लावणारा अंग काढून घेतो. मग 'दरबारी वशिला' पुकारला जातो आणि त्याची बोली थेट हजार पौंडांवर जाते.

शेवटचा प्रवेश त्याहून झोंबरा. चार 'देशभक्त' सरकारला शिव्या घालत बसलेले असतात. क्विडाम नावाचा माणूस येतो आणि प्रत्येकाच्या हातावर सोनं ठेवतो. देशभक्तांची तक्रार तिथंच संपते. मग तो सारंगीसारखं फिडल काढून वाजवू लागतो आणि चौघं त्याच्या तालावर नाचू लागतात. त्यांच्या खिशांना भोकं असतात. नाचता नाचता सोनं खाली पडतं आणि क्विडाम ते वेचून पुन्हा आपल्या खिशात टाकतो. क्विडाम म्हणजे कोण, हे प्रेक्षकांना सांगावं लागलं नाही. मला हा प्रवेश फील्डिंगच्या सगळ्या नाटकांतला सर्वांत नेमका वाटतो. लाचेचं अर्थशास्त्र एकही भाषण न देता, नुसत्या हालचालीतून समोर उभं राहतं.

वॉलपोलला कारण हवं होतं, ते 'द गोल्डन रम्प' नावाच्या नाटकानं पुरवलं. राजाच्या पार्श्वभागावर बेतलेली ही अश्लील संहिता हेन्री गिफर्ड या थिएटरमालकानं वॉलपोलच्या हाती दिली. ते नाटक कधी रंगमंचावर आलंच नाही आणि कुणी लिहिलं तेही ठरलेलं नाही. पण त्यातले उतारे दाखवून मे महिन्यात विधेयक आलं आणि महिन्याभरात ते पार झालं. उमरावांच्या सभागृहात लॉर्ड चेस्टरफील्डनं कडाडून विरोध केला. बुद्धी हीसुद्धा एक मिळकत आहे, आणि ती ज्यांच्याकडं असते त्यांच्याकडं बहुधा दुसरी मिळकत नसते, असा त्याचा मुद्दा होता. त्याचा उपयोग झाला नाही.

कायद्याची रचना अशी होती. पैसे घेऊन दाखवायचं कुठलंही नवं नाटक प्रयोगाच्या किमान चौदा दिवस आधी लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडं पाठवायचं. जुन्या नाटकात घातलेला नवा प्रवेश, नांदीसारखं आरंभीचं पद्य, शेवटचं पद्य, हेसुद्धा पाठवायचं. त्याला वाटलं तर तो बंदी घालेल. कारण देणं त्याच्यावर बंधनकारक नाही आणि वर दाद मागायची सोय नाही. मोडलं तर प्रत्येकाला ५० पौंड दंड आणि थिएटरचा परवाना रद्द. राजाची सनद किंवा लॉर्ड चेंबरलेनचा परवाना नसलेल्या जागी पैसे घेऊन नाटक करणारे नट कायद्याच्या भाषेत भटके आणि उडाणटप्पू ठरणार. म्हणजे व्यवहारात लंडनमध्ये दोनच थिएटरं उरली.

चौदा दिवसांची अट वरवर साधी दिसते, पण खरा घाव तिथंच बसला. फील्डिंगचं प्रहसन ताज्या बातमीवर जगत असे. काल पार्लमेंटात काय झालं ते आज रंगमंचावर. वाक्य रंगलं नाही तर उद्या बदलायचं. दोन आठवडे आधी कागद द्यायचा आणि नंतर एक ओळही बदलायची नाही म्हटल्यावर असलं नाटक मुळातच शक्य नव्हतं. दुसरं म्हणजे नव्या नाटकावर बंदी आली तर तालमी, कपडे, पडदे सगळा खर्च बुडणार. साहजिकच थिएटरवाले जुन्या, परवानगीची गरज नसलेल्या नाटकांकडं वळले. शेक्सपिअरचे प्रयोग त्या शतकात एवढे होत राहिले त्यामागं हेही एक कारण आहे.

पळवाटाही निघाल्या. कायदा 'पैसे घेऊन' केलेल्या नाटकाला होता. म्हणून गुडमन्स फील्ड्सच्या थिएटरात तिकीट संगीत मैफलीचं विकलं जाई आणि दोन भागांच्या मध्ये नाटक 'फुकट' दाखवलं जाई. १९ ऑक्टोबर १७४१ रोजी पुढं गाजलेला नट डेव्हिड गॅरिक तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत पहिल्यांदा लंडनसमोर आला तो अशाच एका 'मैफलीत'. हे थिएटर चालवणारा गिफर्डच होता, ज्यानं 'गोल्डन रम्प'ची संहिता नेऊन दिली होती.

मराठी वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटेल. हिंदुस्थानात इंग्रज सरकारनं १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांचा कायदा आणला, खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये बंदी घातली, आणि महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं संहिता आधी पाठवण्याची पद्धत आपल्या पिढीनंही पाहिली. संहिता आधी दाखवा, मग प्रयोग करा, या कल्पनेचं इंग्लंडमधलं कायदेशीर रूप म्हणजे १७३७ चा हा कायदा. तिथं त्यातलं पूर्वपरवानगीचं बंधन १९६८ मध्ये सुटलं, म्हणजे २३१ वर्षांनी.

छापील पानाला परवाना लागत नव्हता

इथं एक गोष्ट नेहमी निसटते. छपाईसाठी पूर्वपरवानगी घ्यायचा इंग्लंडमधला कायदा १६९५ मध्येच संपला होता. लेखकावर किंवा छापणाऱ्यावर नंतर खटला होऊ शकत होता, पण छापण्याआधी कुणाला विचारायची गरज नव्हती. त्यामुळं १७३७ नंतर चमत्कारिक परिस्थिती तयार झाली. तेच वाक्य रंगमंचावर गुन्हा आणि पुस्तकात कायदेशीर. नव्या कायद्याखाली अडवलं गेलेलं पहिलं नाटक होतं हेन्री ब्रुकचं 'गुस्ताव्हस व्हासा', १७३९ सालचं. ब्रुकनं ते वर्गणीदार जमवून छापलं आणि बंदीमुळंच त्याला भरपूर वाचक मिळाले.

फील्डिंग मात्र कायदा आल्याबरोबर कादंबरी लिहायला बसला नाही. १७३४ मध्ये त्याचं शार्लट क्रॅडॉकशी लग्न झालं होतं, मुलं होती, सासरकडून आलेले पैसे आटत चालले होते. नोव्हेंबर १७३७ मध्ये त्यानं मिडल टेंपल या लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या संस्थेत कायद्याच्या शिक्षणासाठी नाव घातलं आणि सहा-सात वर्षांचा अभ्यास तीन वर्षांच्या आत संपवून जून १७४० मध्ये सनद मिळवली. वकिली फारशी चालली नाही. सोबत 'चॅम्पियन' नावाचं नियतकालिक तो चालवत होता.

धक्का दिला तो दुसऱ्याच्या पुस्तकानं. नोव्हेंबर १७४० मध्ये सॅम्युअल रिचर्डसनची 'पामेला' आली. मालकाच्या जबरदस्तीपुढं न झुकणारी मोलकरीण शेवटी त्याच मालकाची बायको होते, अशी ही पत्ररूप कथा. लंडन तिच्या पायी वेडं झालं. फील्डिंगला त्यात ढोंग दिसलं: शील हा भाव वाढवून विकायचा माल झाला, असं त्याचं मत. एप्रिल १७४१ मध्ये त्यानं टोपणनावानं 'शामेला' हे छोटं विडंबन काढलं, आणि फेब्रुवारी १७४२ मध्ये 'जोसेफ अँड्र्यूज'. पामेलाला एक भाऊ असेल आणि त्यालाही मालकिणीपासून शील राखावं लागलं तर, इथून ही कादंबरी सुरू होते. पण थोड्याच प्रकरणांत विडंबन मागं पडतं आणि रस्त्यावरची खरी माणसं दिसू लागतात.

नाटककाराचा हात कुठं दिसतो ते पाहायला पहिल्या भागातलं बारावं प्रकरण पुरेसं आहे. चोरांनी जोसेफला मारून, कपडे काढून खंदकात टाकलंय. घोडागाडी येते. कण्हण्याचा आवाज ऐकून गाडीचा पोऱ्या थांबतो. गाडीवान म्हणतो, उशीर झालाय, मेलेल्याकडं कशाला बघायचं. आतली बाई माणूस नागडा आहे ऐकून किंचाळते. म्हातारे सद्गृहस्थ म्हणतात, चला लवकर, नाहीतर आपणही लुटले जाऊ. वकील म्हणतो, तो मेला तर शेवटी त्याच्यासोबत कोण होतं म्हणून आपल्यालाच धरतील, घ्या त्याला. गाडीवान विचारतो, भाडं कोण देणार? जोसेफ बाईसमोर उघडा यायला तयार नाही आणि त्याला अंगरखा द्यायला कुणी तयार नाही. गाडीवानाच्या बुडाखाली दोन कोट आहेत, पण त्यांना रक्त लागेल. शेवटी गाडीचा पोऱ्या अंगातला एकुलता एक कोट काढून देतो आणि देताना एक सणसणीत, शिवीवजा शपथ घेतो. प्रवासी त्याला शपथेबद्दल झापतात. कंसात फील्डिंग एवढंच सांगतो की हाच पोरगा पुढं कोंबड्या चोरल्याबद्दल हद्दपार झाला.

हा सरळ सरळ रंगमंचावरचा प्रवेश आहे. प्रत्येक पात्र एका वाक्यात आपला धंदा आणि आपला स्वभाव दाखवून जातं, कुणाच्या मनात शिरायची गरजच पडत नाही. फक्त तो कंस रंगमंचावर करता आला नसता. तिथं निवेदक बोलतोय, आणि हा निवेदक म्हणजे 'टॉम थम्ब'च्या तळटीपांतल्या पंडिताचा धाकटा, जास्त प्रेमळ भाऊ. परवाना लागणारी रंगभूमी गेली, पण सूत्रधार त्यानं सोबत आणला.

पुस्तकविक्रेता अँड्र्यू मिलर यानं 'जोसेफ अँड्र्यूज'साठी सुमारे १८३ पौंड दिले. पहिली आवृत्ती १,५०० प्रतींची. वर्षभरात आणखी दोन आवृत्त्या. तिसऱ्या रात्रीच्या गल्ल्याच्या मानानं हा हिशेब किती भरवशाचा होता, ते सांगायला नको.

'टॉम जोन्स' फेब्रुवारी १७४९ मध्ये आली. सहा खंड, अठरा भाग. बांधणी अशी की पहिले सहा भाग सॉमरसेटच्या गावात, मधले सहा रस्त्यावर, शेवटचे सहा लंडनमध्ये. नेमकं मध्यावर अप्टनच्या खानावळीत सगळी पात्रं एका छपराखाली येतात, दारं उघडतात-मिटतात, ज्यानं ज्याला भेटू नये तो त्याला भेटतो आणि ज्यांनी भेटायला हवं त्यांची चुकामूक होते. हे निखळ प्रहसनाचं तंत्र आहे. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक निबंध आहे, त्यात निवेदक वाचकाशी गप्पा मारतो. पहिल्याच निबंधात तो म्हणतो की लेखकानं स्वतःला खानावळवाला समजावं: पैसे देऊन येणाऱ्याला आधी पदार्थांची यादी दाखवावी. मिलरनं यासाठी ६०० पौंड दिले, नंतर खूश होऊन आणखी १००. वर्षाच्या आत एकंदर १०,००० प्रती छापल्या गेल्या. कवी कोलरिजनं तर जगातल्या तीन सर्वांत निर्दोष कथानकांत तिला बसवलं.

बो स्ट्रीट

तोपर्यंत फील्डिंग मॅजिस्ट्रेट झाला होता: १७४८ च्या अखेरीस वेस्टमिन्स्टरचा, थोड्याच दिवसांत मिडलसेक्सचाही. या पदाला नीट पगार नव्हता. आरोपी आणि फिर्यादी यांच्याकडून मिळणारी फी हीच कमाई, त्यामुळं अनेक मॅजिस्ट्रेट गरिबांची भांडणं पेटवून फी उकळत. फील्डिंगनं भांडणं मिटवायला सुरुवात केली आणि त्याच्याच शब्दांत, वर्षाला ५०० पौंडांची 'जगातली सर्वांत घाणेरडी कमाई' जेमतेम ३०० वर आली, त्यातलाही मोठा वाटा कारकुनाकडं जाई. १७४९-५० च्या हिवाळ्यात त्यानं विश्वासू कॉन्स्टेबल निवडून चोर पकडणारी छोटी तुकडी उभी केली. चोरी झाली की ताबडतोब बो स्ट्रीटला वर्णन पाठवा, अशा जाहिराती तो आपल्या वर्तमानपत्रातून देई. त्याचा सावत्रभाऊ जॉन, जो आंधळा होता, यानं पुढं हे काम वाढवलं आणि त्यातूनच 'बो स्ट्रीट रनर्स' प्रसिद्ध झाले.

चुकाही झाल्या. १७५३ मध्ये एलिझाबेथ कॅनिंग या मोलकरणीनं आपल्याला पळवून कोंडून ठेवल्याची फिर्याद दिली. फील्डिंगनं तिच्यावर विश्वास ठेवला आणि एका साक्षीदार मुलीला दमात घेऊन जबाब मिळवला. ती मुलगी नंतर उलटली आणि १७५४ मध्ये कॅनिंग खोट्या शपथेबद्दल दोषी ठरली. दमदाटीनं घेतलेला जबाब टिकत नाही, हे एवढ्या अनुभवी माणसालाही त्या वेळी सुचलं नाही.

शेवटची कादंबरी 'अमिलिया' डिसेंबर १७५१ मध्ये आली. मिलरनं ८०० पौंड मोजले. तुरुंग, कर्ज, लाचखाऊ न्यायाधीश हे सगळं त्यात बो स्ट्रीटच्या खिडकीतून पाहिलेलं आहे. पण घाईत एक ठिगळ राहून गेलं. नायिकेच्या नाकाला गाडीच्या अपघातात इजा होते, आणि ते नाक नीट बरं झालं हे सांगायचं फील्डिंग विसरला. बिननाकाची सुंदरी म्हणून टीकाकारांनी पुस्तकाची खिल्ली उडवली. त्यानं पुढच्या आवृत्तीसाठी मजकूर दुरुस्त केला, पण पहिल्या वाचकांच्या मनातली ती चेष्टा पुसली गेली नाही. रंगमंचावर ही चूक झालीच नसती, कारण तिथं नटीचं नाक सगळ्यांना दिसतं.

तोवर संधिवात, दमा आणि जलोदर यांनी त्याचं शरीर खचलं होतं. एकदा पोटातून चौदा क्वार्ट, म्हणजे तेरा लिटरहून अधिक पाणी काढावं लागलं. जून १७५४ मध्ये ऊबदार हवेसाठी तो लिस्बनला निघाला. लंडनमधल्या रॉदरहाइथ धक्क्यावर त्याला खुर्चीत बसवून दोरानं गलबतावर चढवलं आणि काठावरचे खलाशी त्याच्या सुजलेल्या देहाकडं पाहून टर उडवत राहिले. हे त्यानं स्वतः प्रवासाच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. ८ ऑक्टोबर १७५४ रोजी लिस्बनजवळ तो वारला, वय ४७. रोजनिशी पुढच्या वर्षी छापली गेली.

वाचायला सुरुवात करायची तर 'टॉम जोन्स'पासून करू नका. आधी 'जोसेफ अँड्र्यूज'चा पहिला भाग, मग बाकीची कादंबरी. 'टॉम जोन्स' हातात घेतल्यावर प्रत्येक भागाआधीचे निबंध वगळायचा मोह होतो. पहिल्या वाचनात खुशाल वगळा, पण संपल्यावर ते सलग वाचा. एका सूत्रधाराचं दीर्घ भाषण ऐकल्यासारखं वाटतं. आणि 'हिस्टॉरिकल रजिस्टर'चा लिलाव एकट्यानं मनातल्या मनात वाचण्यात मजा नाही. तीन-चार जणांनी भूमिका वाटून मोठ्यानं वाचावा. 'दरबारी वशिला' पुकारला जाईल तेव्हा बोली लावणाऱ्यांनी एकमेकांना थोडंही थांबू देऊ नये.